आख्यायिका सांगताना ‘म्हणाला’ आणि ‘मग’ किती वेळा?

प्रश्न असा: सातवीतली मुलगी बेलापूर किल्ल्याची आख्यायिका लिहितेय, पण प्रत्येक वाक्यात ‘म्हणाले’ नाहीतर ‘आणि मग’ येतंय. काय करावं?

‘म्हणाले’ पूर्ण काढू नका. ते साधं आहे, वाचताना अडत नाही. मात्र बोलण्यामागे हेतू असेल तिथे नेमकं क्रियापद हवं. किल्ला मिळाला तर अमृतेश्वराला बेलाची माळ वाहीन, असं मराठा सेनापती चिमाजीअप्पा नुसतं ‘म्हणाले’ नाहीत, ते नवस बोलले. सैनिकांना बजावलं, देवाला विनवलं, नवस फेडायचं कबूल केलं, यातल्या प्रत्येकात माणसाचा आवाज वेगळा ऐकू येतो.

सर्वांत महत्त्वाचं, दंतकथा आणि इतिहास यांची सरमिसळ नको. ‘१७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकली’ हे सरळ लिहा. नवसाच्या भागाला मात्र ‘असं सांगतात’ किंवा ‘म्हणे’ जोडा. तेही सुरुवातीला एकदा आणि गोष्ट अद्भुताकडे वळते तिथे. दर वाक्याला ‘म्हणे’ आलं की वाचणाऱ्याला टिंगल वाटते.

इंग्रजी माध्यमातली मुलं ‘की’नंतर काळ आणि पुरुष बदलतात. मराठीत ‘अप्पा म्हणाले की मी माळ वाहीन’ हेच सहज वाटतं.

‘आणि मग’ बरेचदा ‘ऊन’ने जातं: देवळात जाऊन, हात जोडून. उरलेल्या जागी कारण असेल तर ‘म्हणून’, अडथळा आला तर ‘तरीही’, अचानक काही घडलं तर ‘तेवढ्यात’.