"दुखत नाही, मग तपासायचं कशाला?"

सुमनताईंनी (नाव बदललं आहे) मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीची, तारीख तीनदा घेतली, तीनदा मोडली. वय 52. शेवटी मुलगी त्यांना माझ्याकडे घेऊन आली. बसल्या बसल्या म्हणाल्या, "मॅडम, मला काही दुखत नाही, खुपत नाही. उगाच कशाला उकरून काढायचं?"

स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. हे मी लगेच सांगू शकले असते. पण तीनदा तारीख घेणाऱ्या बाईचं अडलेलं माहितीपाशी नसतं. मुलीला बाहेर बसवलं आणि विचारलं, "घरात कुणाला झालं होतं?"

बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आत्याला. अंघोळ करताना गाठ हाताला लागली होती. वर्षभर लपवली. मला म्हणाली होती, दुखत नाही गं, कुणाला सांगू नकोस. मी नाही सांगितलं."

आत्याचेच शब्द त्या माझ्यासमोर बोलत होत्या. "तुम्ही तेव्हा किती वर्षांच्या होता?" "अकरा." आम्ही दोघी थोडा वेळ तिथेच थांबलो. अकरा वर्षांच्या मुलीवर तो भार नव्हताच, हे त्यांना कुणीतरी म्हणायला हवं होतं.

मग तपासणीचं बोललो. वडिलांकडच्या नात्यातला आजारही डॉक्टरांना सांगायचा असतो, हे त्यांना नवीन होतं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने 1998 पासून वीस वर्षं चालवलेल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. दीड लाखाहून जास्त बायका होत्या. त्यातल्या निम्म्या जणींचे स्तन आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासायच्या. तपासलेल्या गटात पन्नाशीपुढच्या बायकांचे स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही, तेही सांगितलं. खोटा धीर मला देता येत नाही.

चौथी तारीख त्यांनी पाळली. एक जागा शंकेची वाटली म्हणून सोनोग्राफीला बोलावलं. पुन्हा बोलावणं म्हणजे कर्करोग नव्हे, हे आधी सांगूनही दोन रात्री झोप नव्हती. निघाली पाण्याची गाठ.

रिपोर्ट घेऊन आल्या तेव्हा मुलीला बाहेर बसवू दिलं नाही. तिला शेजारी बसवून म्हणाल्या, "तुला माझ्या आत्याबद्दल कधी सांगितलंच नाही मी."