सुट्टीत बडोद्यातच आहेस, तर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. मैत्रिणी मनालीला गेल्या, बाबांना रजा नाही आणि जूनपर्यंत घरात बसून करायचं काय, असं विचारलंस. माझं उत्तर सरळ आहे: बडोदं बघ. तुझा जन्म दांडिया बाजारातला. पण हे शहर तू क्लासला जाता-येता स्कूटीवरून पाहिलंस, उतरून पाहिलं नाहीस.

बाहेरचे पाहुणे राजवाडा, म्युझियम, सूरसागर आणि मंगळबाजार एका दिवसात उरकतात, कारण त्यांची संध्याकाळची गाडी असते. तुला कुठली गाडी पकडायची आहे? म्हणून एका खेपेला एकच जागा बघ, पण मन भरेपर्यंत. आणि उन्हाशी भांडू नकोस. मे महिन्यात उघड्यावर हिंडणं सकाळी नऊ-साडेनऊला संपवायचं, दुपारी जुन्या, जाड भिंतींच्या इमारतींत शिरायचं आणि मांडवीकडची गल्लीबोळं संध्याकाळसाठी ठेवायची. सोबत पाणी, डोक्याला ओढणी. परतताना वरियाळीचं, म्हणजे बडीशेपेचं, सरबत पी, ताडगोळे दिसले तर घरी घेऊन जा.

सुरुवात कमाटीबागेतून कर. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली ही बाग लोकांसाठी केली. लहानपणी तू इथल्या छोट्या आगगाडीतून उतरायलाच तयार नसायचीस. या वेळी गाडी राहू दे, म्युझियममध्ये जा आणि थेट देवमाशाच्या सांगाड्यापाशी थांब. निळा देवमासा, लांबी सुमारे ७२ फूट. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजत चाल. मग स्वतःला विचार, समुद्र इतका लांब असताना हा इथे आला कसा? १९४४ साली वादळात तो मही नदीच्या मुखाशी वाहून आला होता. वहीत त्याचा एक मणका तरी काढ. चित्र बरं येतं की वाईट, याला महत्त्व नाही. हात चालायला लागला की नजर थांबते, आणि मला तुझी नजर थांबायला हवी आहे. ममी आणि चित्रदालन दुसऱ्या दिवशी.

बागेतल्या पुलावरून विश्वामित्रीत मगर दिसते का बघ. भर वस्तीतून जाणाऱ्या नदीत मगरी नांदतात, असं शहर सहसा सापडायचं नाही. पण बघायचं ते पुलावरूनच. उन्हाळ्याच्या अखेरीस अंड्यांतून पिल्लं बाहेर येतात, अशा वेळी काठावर उतरायचं नाव काढू नकोस.

आता माझ्या मनातली खरी जागा सांगते. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी. तू तिथे अभ्यासाला बसतेस, पण मान वर करून कधी पाहिलंस? पुस्तकांच्या विभागात लोखंडी मांडण्या आहेत आणि वरच्या मजल्याची जमीन काचेची आहे; वरचा उजेड खाली झिरपावा म्हणून. आत जाऊन बघायचं असेल तर ग्रंथपालांना नीट विचार. महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यभर वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. पेट्यांत भरलेली पुस्तकं इथून खेडोपाडी जायची. त्याआधी, १९०६ साली, प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचं आणि मोफत झालं होतं. आधी अक्षर शिकवायचं, मग ते शिकलेल्याच्या गावात पुस्तक पोचवायचं, हा क्रम ज्या माणसाला सुचला त्याच्या शहरात आपण राहतो. मला याचा आजही अभिमान वाटतो, आणि तुलाही वाटावा म्हणूनच हे पत्र एवढं लांबलं.

कीर्तिमंदिरातली, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकातली, भित्तिचित्रं चुकवू नकोस. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस १९३९ ते १९४६ या काळात टप्प्याटप्प्याने इथे येऊन ती रंगवून गेले. गंगावतरण आणि मीरेचं चरित्र या दोन भिंतींना एक अख्खी दुपार दे. राजवाड्याला घाई नाही, तिथे पाहुणे आले की जाणं होईलच.

रावपुऱ्यातला तांबेकर वाडा मात्र एकटीने बघू नकोस. एकोणिसाव्या शतकात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा वाडा. लाकूडकाम आणि भिंतींवरची चित्रं अजून टिकून आहेत: कृष्णकथा आहेत, लढाया आहेत. आजीला बरोबर घे. त्यांचं बालपण अशाच वाड्यात गेलंय. कोनाडा कशासाठी, माजघर कुठे, बायका कुठून ये-जा करायच्या, हे तिथल्या पाटीवर मिळणार नाही, त्या सांगतील. तू फक्त विचारत राहा आणि फोनवर रेकॉर्ड कर. जुन्या वाड्यांचे जिने अरुंद आणि उभे असतात, तेव्हा त्यांना सकाळीच ने, हात धरून चढव, आणि खाली आल्यावर दोघी मिळून सेवउसळ खा.

तुझी,
काकू