गॉगल खिळ्याला, गार्ड खणात

प्रश्न : हायवेलगत माझं ट्रक-टेम्पोचं गॅरेज आहे, चार पोरं कामाला. ऑगस्ट २०२५मध्ये चासीवर ग्राइंडर मारताना चकती फुटली आणि तुकडा एका पोराच्या उजव्या डोळ्यात गेला. वय २५, पगार १२,०००. डोळा जागेवर आहे, पण नजर गेली. गॉगल दिला होता, त्यानं घातला नव्हता. ग्राइंडरच्या चकतीवरचं गार्ड कोपऱ्यात अडतं म्हणून आम्ही काढूनच ठेवतो. दवाखान्याचा सगळा खर्च मी केला, वर ५०,००० रुपये देऊन 'यापुढे काही मागणं नाही' असं पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं. आता त्याचा भाऊ कोर्टाचं बोलतोय. चूक त्याची असताना पुन्हा पैसे मी का द्यायचे?

उत्तर : द्यावे लागतील. रक्कमही तुमच्या अंदाजापेक्षा बरीच मोठी आहे.

आधी चुकीबद्दल. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. काम करताना, कामामुळे अपघात झाला एवढं पुरतं. सुरक्षेचं साधन दिलेलं असूनही कामगारानं ते मुद्दाम बाजूला सारलं तर मालक सुटू शकतो, अशी एक पळवाट कलम ३मध्ये आहे. पण त्यातला 'मुद्दाम' तुम्ही सिद्ध करायचा, आणि साधा निष्काळजीपणा म्हणजे मुद्दाम नव्हे. गॉगल खिळ्याला टांगलेला असतो, त्याशिवाय मशीन हातात घ्यायचं नाही असं कुणी कधी बजावलेलं नसतं, आणि घाई असली की मालकच 'चल, उरक लवकर' म्हणतो. पोरांची उलटतपासणी सुरू झाली की हे सगळं बाहेर येतं. आणि तुमच्या गॅरेजात तर गार्ड तुम्हीच काढून ठेवता! चकती फुटली तर तुकडे अडवण्यासाठीच ते असतं. ते खणात ठेवून गॉगलकडे बोट दाखवलं तर न्यायाधीश ऐकणार नाहीत.

चारच माणसं, नेमणूकपत्र नाही, हजेरी वहीत नाही, हे मुद्देही काढू नका. विजेवर मशीन चालवून दुरुस्ती करणारी जागा या कायद्यात येते, माणसं किती हे बघितलं जात नाही. दहा माणसं असती आणि ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) नोंदणी असती, तर हा भार त्या योजनेच्या महामंडळानं उचलला असता.

आता हिशेब. एका डोळ्याची नजर गेली, दुसरा धड आहे आणि बुबुळ विद्रूप झालेलं नाही, तर कायद्याच्या परिशिष्टात ३० टक्के हानी धरलेली आहे. पगाराचे ६० टक्के म्हणजे ७,२००. कायद्यातल्या तक्त्यात वय २५साठी ठरलेला गुणक २१६.९१. गुणाकार १५,६१,७५२, त्याचे ३० टक्के साधारण ४,६८,५२६ रुपये. पुढे डोळा काढावाच लागला तर ३० टक्क्यांऐवजी ४० टक्के धरतात. दवाखान्याचा खर्च यात वळता होत नाही, तो वेगळा. देणं लागू झाल्यापासून महिन्याच्या आत दिलं नाही, तर १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. तुमचा तो महिना केव्हाच उलटला आहे.

स्टॅम्प पेपरचा उपयोग शून्य. हक्क सोडून दिल्याचा असा करार कलम १७नुसार रद्दबातल ठरतो. तडजोड करायचीच होती तर तिची नोंद नुकसानभरपाई आयुक्तांकडे करायला हवी होती. ती केली नाही म्हणून, आयुक्तांनी वेगळं सांगितल्याशिवाय, दिलेल्या ५०,०००पैकी निम्म्याहून जास्त तुम्हाला वजाही करता येणार नाहीत.

२१ नोव्हेंबर २०२५पासून १९२३च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे, पण अपघात त्याआधीचा, त्यामुळे हिशेब जुन्या कायद्यानंच. त्यात कामगाराला दाव्यासाठी दोन वर्षं असतात. तोवर गप्प बसण्यात तुमचा फायदा नाही, व्याज चढत राहतं.

तेव्हा असं करा. महाराष्ट्रात नुकसानभरपाई आयुक्ताचं काम बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीश बघतात. जिल्ह्याच्या कामगार न्यायालयात विचारा, डॉक्टरांचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र जोडा आणि रक्कम तिथे जमा करण्याचा अर्ज द्या. एकरकमी जमत नसेल तर मान्य असलेला भाग आधी भरा. आयुक्तांची पावती हाच तुमचा पुरावा. घरी जाऊन पुन्हा रोख देऊ नका. पोलिसांत तक्रार झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ (निष्काळजीपणानं दुसऱ्याच्या जिवाला धोका) लागू शकतं. डोळ्याची नजर कायमची जाणं ही गंभीर दुखापत असते, म्हणून ती बाजू फौजदारी वकिलाला आधीच दाखवून ठेवा.

आणि उरलेली तीन पोरं? गार्ड आजच बसवा, अगदी अडचणीच्या कोपऱ्यातही ते काढू नका. तिथं मशीन शिरत नसेल तर छोटं मशीन किंवा कानस वापरा. चकतीवर छापलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी नको, मधल्या पत्र्याच्या कड्यावरची तारीख उलटलेली नको, आणि कापायच्या चकतीनं घासायचं नाही. गॉगल प्रत्येकाला स्वतःचा द्या, सही घ्या, न घालणाऱ्याला त्या दिवशी मशीन देऊ नका आणि तेही वहीत लिहा. कामगार भरपाईची विमा पॉलिसी काढा. झालेल्या अपघाताला ती चालणार नाही, आणि पुढेही दंडाची रक्कम विमा कंपनी भरत नाही.

भावाचा फोन आला तर वाद घालू नका. आयुक्तांकडे रक्कम भरायला अर्ज करतोय, एवढंच सांगा.