बाग विकू नकोस, पण कारभार भावाकडे दे

तू विचारलंस की नेदरलँड्सची नोकरी पक्की झालीय, निफाडची चार एकर द्राक्षबाग आजोबांपासूनची, वडील थकलेत, धाकटा भाऊ बागेतच असतो. तर विकावी, वाट्याने द्यावी की फोनवरून चालवावी? मी दिंडोरीचा, आता रॉटरडॅमजवळ राहतो. आमची बागही तिसऱ्या पिढीत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

विकायची घाई करू नकोस. अनिवासी झाल्यावर तुला नवी शेतजमीन विकत घेता येणार नाही. आधीची ठेवता येते, वारसाने आलेलीही चालते. म्हणजे आज विकलीस तर परदेशात असेपर्यंत परतीचा रस्ता बंद.

पण फोनवरून बाग चालत नाही, हे मनाशी पक्कं कर. ऑक्टोबर छाटणीनंतर फुटवे कोवळे असताना पाऊस आला की डाऊनी, म्हणजे केवडा रोगाची बुरशी, पानाखाली पांढरी पसरते. फवारणी आज की उद्या, ट्रॅक्टर चिखलात घालायचा की पाठीवरच्या पंपाने मारायचं, हे बांधावर उभा असलेल्यानेच त्या रात्री ठरवायचं असतं. निफाडचा पारा उतरला की मणी तडकू नयेत म्हणून पहाटे ठिबक सोडणं, शेकोट्या पेटवणं आलं. तेव्हा तुझ्या फोनची वाट बघत भाऊ थांबला, तर माल गेला. आणि एप्रिलची खरड छाटणी तर माल देतही नाही. पण पुढच्या हंगामाचे घड त्याच काडीत तयार होतात. त्या खर्चाला परदेशातून हात आखडता घेऊ नकोस.

इकडच्या शेतकरी घरांत मला एक गोष्ट फार पटली. मुलगा किंवा मुलगी आईवडील काम करत असतानाच त्यांच्यासोबत भागीदार होते आणि हळूहळू शेती ताब्यात घेते. आपल्याकडे वडील असेपर्यंत सही त्यांची, राबणं धाकट्याचं, आणि वाटणीचा विषय निघतो तो थेट दहाव्या-तेराव्याला. त्यात घरं फुटतात.

म्हणून जायच्या आधी वडिलांसमोर बसून लिहून काढा: भावाच्या कष्टाचा मोबदला आधी, औषधं-मजुरी नंतर, उरलेल्यात वाटे. बहीण असेल तर तिलाही बोलवा. वडिलोपार्जित जमिनीत तिचा हक्क मुलाइतकाच आहे. औषधं, माणसं, व्यापारी यांचा शेवटचा शब्द भावाचा. वडिलांकडून छाटणीच्या तारखा आणि प्लॉटनिहाय अनुभव वहीत उतरवून घ्या. कोणत्या कोपऱ्यात पाणी साचतं, कुठली ओळ उशिरा फुटते, हे सातबाऱ्यावर लिहिलेलं नसतं.

तुझ्या नावावर काही क्षेत्र असेल तर भावाच्या नावे मुखत्यारपत्र निघण्याआधीच नोंदवून घे. तिथून केलंस तर वकिलातीत साक्षांकन करावं लागतं, आणि कागद भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरावा लागतो. रजा मात्र दिवाळीला धरून बसू नकोस, छाटणीला जा. भावाला तेव्हाच माणूस लागतो.