मंत्रिपद नसलेल्या आमदाराच्या हातात काय असतं?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

आमदारांच्या कार्यालयात तू काम करायला लागलीस, हे वाचून मनापासून आनंद झाला. पण शेवटी तू लिहिलंयस, 'साहेबांना मंत्रिपद मिळालं नाही, ऑफिसात सगळे तोंडं पाडून बसलेत. आता पाच वर्षं नुसती शिफारसपत्रंच लिहायची का सर?' त्या एका प्रश्नासाठी हे लांबलचक पत्र.

आधी आकडे बघ. आपली विधानसभा 288 जणांची, त्यात कोल्हापूर जिल्ह्याचे दहा. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीनं मंत्रिमंडळ विधानसभेच्या 15 टक्क्यांपुढं जाऊ शकत नाही, म्हणजे मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त 43. त्यातही काही जण विधान परिषदेतून येतात. मग उरलेले निदान 245 जण काय करतात? सरकारला जाब विचारणं हे सभागृहाचं मुख्य काम, आणि ते याच लोकांनी करायचं असतं. मंत्री स्वतःलाच प्रश्न कसा विचारणार?

एन. डी. पाटील सरांचंच उदाहरण घे. एकूण अठरा वर्षं विधान परिषदेत, 1985 ते 1990 कोल्हापूरचे आमदार. पक्ष शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, सभागृहात संख्या कायम थोडी. पुलोदच्या, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारच्या काळात ते सहकारमंत्री होते, पण ते सरकार दोन वर्षंही टिकलं नाही. आज त्यांचं नाव निघतं ते त्या मंत्रिपदामुळं नव्हे. अभ्यास करून उभा राहिलेला सदस्य म्हणून त्यांची आठवण निघते. सत्तेत नसतानाही सभागृहात वजन कमावता येतं, यावर माझा विश्वास बसला तो त्यांच्यामुळं.

आता तुझ्या कामाचं. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात तो, कसा लिहायचा, हे पहिल्यांदा शीक. 'पंचगंगेच्या प्रदूषणाबाबत शासन कोणती कार्यवाही करणार आहे?' असा प्रश्न पाठवलास, तर 'कार्यवाही सुरू आहे' एवढंच उत्तर येईल आणि विषय तिथंच संपेल. प्रश्नाचा साचा ठरलेला असतो: 'हे खरे आहे काय', 'असल्यास', 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. पहिल्या भागात तू मोघम लिहिलंस की खात्याला 'हे खरे नाही' म्हणायला वाव मिळतो, आणि पुढच्या सगळ्या भागांना 'प्रश्न उद्भवत नाही' असं उत्तर येतं. म्हणून पहिल्या भागात नाकारताच येणार नाही अशी गोष्ट घाल. जयंती नाल्याचं पाणी अमुक तारखेला थेट नदीत गेलं, त्या दिवशी उपसा पंप बंद होते, प्रदूषण नियंत्रण मंडळानं अमुक तारखेची नोटीस महापालिकेला दिली. तारीख, ठिकाण, जावक क्रमांक. ही माहिती मुंबईत बसून मिळत नाही. नाल्यावर जाऊन बघावं लागतं, बावड्याच्या सांडपाणी केंद्रातल्या माणसांशी बोलावं लागतं. तू इथं असण्याचा साहेबांना खरा उपयोग हा आहे.

उत्तर आलं की फाईल बंद करायची नाही. 'अंशतः खरे आहे' असं उत्तर आलं तर कोणता अंश खरा, ते उपप्रश्नात विचारता येतं. मंत्री सभागृहात 'तीन महिन्यांत करू' म्हणाले, तर ते आश्वासन होतं, आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. कार्यवाहीचा वृत्तांत काढ, ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घे, तारीख लाव. माझ्या मते मतदारसंघाची अशी एक वही पाच वर्षं नीट ठेवली, तर ती शंभर शिफारसपत्रांपेक्षा जास्त कामाची ठरते.

समित्यांकडं कोणी फारसं बघत नाही, तू बघ. सरकारी खर्च तपासणाऱ्या लोकलेखा समितीत मंत्र्यांना जागा नसते. महालेखापालांचा अहवाल समोर ठेवून तिथं सचिवांना बोलावून विचारलं जातं. साहेबांना अशा समितीवर घेतलं, तर ऑफिसात पेढे वाटायला हरकत नाही.

नेतृत्वाच्या बाबतीतही तुमची नजर मुख्यमंत्र्यांपाशीच अडकलेली दिसते. कोण बोलणार, कोणती लक्षवेधी सूचना चर्चेला लागणार, हे विधानसभेचे अध्यक्ष ठरवतात. पक्षांतराच्या अर्जांवर निर्णयही तेच देतात. अध्यक्षांना हटवायचं तर चौदा दिवसांची नोटीस आणि त्या वेळच्या एकूण सदस्यांचं बहुमत लागतं, फक्त हजर असलेल्यांचं चालत नाही. आपल्या गडहिंग्लज भागातले बाबासाहेब कुपेकर 2004 ते 2009 या खुर्चीवर होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. 1960 ते 1978 ते सभापती होते, मंत्री नव्हेत. तरीही रोजगार हमी योजना त्यांच्या विचारातून उभी राहिली, 1977 साली तिचा कायदा झाला, आणि पुढं 2005 मध्ये देशानं तीच वाट धरली.

प्रतोदाला, म्हणजे पक्षाच्या आमदारांना मतदानाचा आदेश देणाऱ्याला, नुसता हजेरी घेणारा समजू नकोस. त्याचा व्हीप, म्हणजे तो आदेश, मोडला तर आमदारकी जाऊ शकते. तो नेमायचा अधिकार विधिमंडळ गटाचा नाही, राजकीय पक्षाचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं मे 2023 मध्ये आपल्याच राज्यातल्या शिवसेना फुटीच्या प्रकरणात सांगितलं. तो निकाल मुळातून वाच. विरोधी पक्षनेतेपदाचंही तसंच. 2024 च्या निवडणुकीत विरोधातल्या एकाही पक्षाला 29 जागा, म्हणजे एकूण जागांच्या दहा टक्के, मिळाल्या नाहीत आणि त्या पदाचा वाद सुरू झाला. हा दहा टक्क्यांचा आकडा 1978 च्या विरोधी पक्षनेत्यांच्या वेतनाच्या कायद्यात नाही, तो प्रथेतून आला आहे. त्या कायद्यात विरोधातला सर्वांत मोठा पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता, एवढंच आहे. साहेब सत्तेच्या बाजूला असले, तरी समोर मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता असणं मला आवश्यक वाटतं. कारण विचारणारा कमजोर झाला की उत्तरंही ढिली होतात.

आणखी एक, हे तुझ्यापुरतं. विधान परिषदेच्या 78 जागांपैकी सात पदवीधरांच्या. पुणे पदवीधर मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे येतात. त्याची मतदारयादी दर निवडणुकीला नव्यानं करतात, विधानसभेच्या यादीत नाव असून भागत नाही. पदवीला तीन वर्षं झाली असतील तर नाव नोंदवायचा नमुना 18 भर. ऑफिसातल्या बाकी पदवीधरांकडूनही भरून घे.

अधिवेशनाआधी प्रश्नांची मुदत लवकर संपते, त्यामुळं जयंती नाल्यावर याच आठवड्यात जाऊन ये. प्रश्नाचा कच्चा मसुदा मला पाठव. लाल शाईनं खुणा करून दोन दिवसांत परत देतो.

तुझे
सर