कर्ज ऑपरेशनचं नाही, पॉलिसीचं आहे

नाशिकच्या पंचवटीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो.

"सर, मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, हातात 48,000 येतात. माझ्या शिकवण्यांचे 9,000. घर सासऱ्यांचं, त्यामुळे भाडं नाही. मुलं आठवीत आणि तिसरीत. सासूबाई 72 वर्षांच्या आहेत. 2023च्या सुरुवातीला त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, 1,10,000 दोन कार्डांवर गेले. तेव्हापासून कार्डं काही सुटत नाहीत. आज दोन्हींवर मिळून 2,80,000 आहेत. महिन्याला 14,000 भरतो, एकही तारीख चुकलेली नाही, तरी आकडा वाढतोच. इतकं व्याज कायद्यात बसतं का? बँक 15 टक्क्यांनी तीन लाखांचं पर्सनल लोन देते आहे. ते घेऊ, की माझं सात तोळे सोनं गहाण ठेवू? सोनं आईनं दिलेलं आहे. मिस्टर म्हणतात थांब, कुंभमेळ्यात वरची खोली भाड्यानं देऊ, त्यातून फिटेल. बाकी बचत व्यवस्थित आहे. मिस्टरांच्या मामेभावाकडून 2021 साली दोन पॉलिसी घेतल्या, वर्षाला 96,000. त्यांचा हप्ता कधी चुकू दिला नाही. ऑपरेशननंतर हातात पैसे नव्हते म्हणून तो कार्डावर लावला, पॉइंटही मिळतात."

ताई, लोन की सोनं याचं उत्तर देतो, पण ते छोटं आहे. मी अडकलो ते तुमच्या "बाकी बचत व्यवस्थित आहे" या वाक्यावर.

तुम्ही मोठ्या कार्डाच्या स्टेटमेंटचे फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. पहिल्या पानावर ठळक चौकटीत किमान रक्कम आहे, 9,250. तुम्ही दर महिन्याला तीच भरता. दुसऱ्या पानावर किराणा आणि पेट्रोलच्या नोंदींखाली बारीक अक्षरात दोन ओळी आहेत: फायनान्स चार्जेस 6,475 आणि त्यावर जीएसटी 1,165. म्हणजे 9,250 भरले, त्यातले 7,640 व्याज आणि करातच गेले. मूळ रकमेतून कमी झाले 1,610.

दोन्ही कार्डं एकत्र धरू. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला 42, आणि त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी. खरा दर पन्नास टक्क्यांना टेकतो. 2.80 लाखांवर महिन्याला साधारण 11,500. तुम्ही भरता 14,000. मुद्दल उतरतं 2,500, वर्षाचे 30,000. आणि दर एप्रिलमध्ये त्याच कार्डांवर 96,000 चढतात. तीस उतरले, शहाण्णव चढले. आकडा का वाढतो याचं उत्तर एवढंच आहे. तुमच्या घरात कुणी उधळपट्टी करत नाही, हे मला पत्रावरूनच कळतं.

आता आणखी एक हिशेब करा. 2023, 2024, 2025 असे तीन हप्ते कार्डावर गेले. तीन वेळा 96 म्हणजे 2.88 लाख. तुमची आजची थकबाकी 2.80 लाख. सासूबाईंच्या ऑपरेशनच्या दीडपट रक्कम तुम्ही आता दर वर्षी कार्डांना भरता आहात. त्या ऑपरेशनचं ओझं मनावरून उतरवा. आज जे देणं उरलं आहे ते पॉलिसीचं आहे.

आणि ती पॉलिसी देते काय? मामेभावांनी डायरीच्या पानावर लिहून दिलेला आकडा तुम्ही पाठवला आहे: "20 वर्षांनी 35 लाख", खाली दोन रेघा. वर्षाला 96,000 वीस वर्षं भरून 35 लाख म्हणजे परतावा साडेपाच टक्के. तोही कंपनी दर वर्षी जाहीर करते तो बोनस आज आहे तसाच राहिला तर, कारण पुढचा बोनस कुणी लिहून देत नाही. पन्नास टक्क्यांनी उसने घेऊन साडेपाच टक्क्यांवर ठेवायचे, हे तुमच्या घरात तीन वर्षं चाललं आहे. पॉइंटचं म्हणाल तर शेकडा अर्धा रुपया धरला तरी 96,000वर 480 रुपये. तेवढं व्याज तुमच्या थकबाकीवर सव्वा दिवसात होतं.

मला राग येतो तो इथे. दोन मुलं आणि म्हातारी आई असलेल्या मुख्य कमावत्या माणसाला दोन्ही पॉलिसी मिळून विमा दिला 18 लाखांचा. उद्या त्यांचं बरंवाईट झालं तर ते पैसे घराला तीन वर्षं जेमतेम पुरतील. याच माणसाला एक कोटीचा टर्म विमा, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा साधा विमा, वर्षाला साधारण पंधरा ते वीस हजारांत मिळतो, आणि 22 सप्टेंबर 2025पासून वैयक्तिक जीवन विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. टर्मवर कमिशन थोडं मिळतं, म्हणून तो कुणी डायरीत लिहून देत नाही. मामेभावांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण 48,000 पगाराच्या घरात महिन्याला आठ हजारांचा हप्ता बसवताना "अडचण आली तर भरणार कुठून?" एवढा एक प्रश्न त्यांनी विचारायला हवा होता.

तर आता करायचं काय. सगळ्यात आधी, या आठवड्यात, हप्त्याचा कार्डावरचा ऑटो-डेबिट बंद करा. विम्याचा हप्ता एक लाखापर्यंत ओटीपी न विचारता कापला जातो. आदल्या दिवशी मेसेज येतो, तो शिकवणीच्या गडबडीत वाचायचा राहून जातो. एप्रिलचे 96,000 पुन्हा चढले तर खालचं सगळं गणित मोडेल.

मग मिस्टरांचा टर्म विमा. अर्जात तंबाखू, बीपी, शुगर, जे असेल ते खरं लिहा. वैद्यकीय तपासणी होऊन पॉलिसी हातात येईपर्यंत जुन्या दोन्ही बंद करू नका, हा क्रम उलटा होता कामा नये. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते, त्या काळात जुनं संरक्षण चालू राहतं, म्हणून एप्रिलच्या तारखेनं घाबरून जाऊ नका.

त्याच वेळी विमा कंपनीच्या शाखेत जाऊन दोन्ही पॉलिसींची सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी आज मोडली तर हातात येणारी रक्कम, लेखी मागा. मामेभावांमार्फत नको, स्वतः जा. पाच हप्ते म्हणजे 4.80 लाख भरलेत. चौथ्या ते सातव्या वर्षात भरलेल्या हप्त्यांच्या निम्मे मिळण्याची हमी असते, वर साठलेल्या बोनसचा काही भाग. माझ्या अंदाजानं अडीच लाखांच्या आसपास हातात येतील. निम्मे पैसे बुडाले म्हणून जीव तुटेल, मला कळतं. 96,000 साठवायला शिकवणीची किती मुलं लागतात हे तुमच्याइतकं कुणाला माहीत? पण ते पैसे 2021 सालीच गेले आहेत. आज प्रश्न आहे तो उरलेल्या अडीच लाखांचा.

तुम्ही विचाराल, पेडअप केली तर? म्हणजे पुढचे हप्ते बंद, पॉलिसी तशीच ठेवायची, पंधरा वर्षांनी कमी झालेली रक्कम घ्यायची. एरवी मी बऱ्याच जणांना तेच सांगतो. पाच हप्त्यांनंतर पेडअपचा परतावा सात-आठ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, वाईट नाही. पण पन्नास टक्क्यांचं देणं डोक्यावर असताना आठ टक्के सांभाळत बसायचं नाही. सरेंडर करा आणि आलेला पैसा त्याच दिवशी कार्डांवर भरा. बचत खात्यात आठवडाभरही ठेवू नका, घरात पैसा दिसला की कामं सुचतात.

अडीच लाख भरल्यावर उरतात 30,000. तुमचे महिन्याचे 14,000 तसेच भरत राहिलात तर तीन महिन्यांत दोन्ही कार्डं शून्यावर येतात. पर्सनल लोन नको, सोनंही नको.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. तीन लाख 15 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता 10,400, एकूण व्याज 75,000. कार्डापेक्षा कितीतरी बरं आहे, हे खरं. पण पॉलिसीचा हप्ता चालूच राहिला असता तर वर्षभरात कार्डं पुन्हा लाखाला पोहोचली असती आणि लोन वेगळं. माझ्याकडे येणाऱ्या सातपूरच्या एका गृहस्थांचं अगदी असंच झालं. लोन घेऊन कार्डं मोकळी केली, मोकळी कार्डं दिवाळीत पुन्हा भरली, आज दोन्ही फेडताहेत. सरेंडरची रक्कम अंदाजापेक्षा फारच कमी निघाली, तर कमी पडेल तेवढंच कर्ज घ्या, आणि आधी मिस्टरांच्या कंपनीत कामगारांची पतसंस्था आहे का ते बघा. तिथला दर सहसा बँकेच्या पर्सनल लोनपेक्षा कमी असतो आणि हप्ता पगारातून कापला जातो. आईचं सोनं तिथेच राहू द्या. खरंच मोठं आजारपण आलं तर तोच तुमचा शेवटचा आधार आहे.

व्याज कायद्यात बसतं का? बसतं. 2008 साली राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 30 टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयानं 20 डिसेंबर 2024 रोजी रद्द केली. तिकडून काही सुटका होईल या आशेवर राहू नका. कुणी फोन करून "अर्ध्यात सेटलमेंट करून देतो" म्हणालं तर तेही नको. सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, "सेटल्ड" असा शेरा बसतो आणि पुढे मुलांच्या शिक्षणाचं कर्ज काढताना तो आडवा येतो.

कुंभमेळ्याबद्दल मिस्टरांशी जरा बसून बोला. ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026ला आहे, मोठी स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर 2027मध्ये. रामकुंडाजवळची खोली, भाडं मिळेल यात शंका नाही. पण नुसतं एक वर्ष थांबण्याची किंमत 1.40 लाख आहे. पर्वणीच्या चार-सहा दिवसांत एक खोली तेवढं देणार नाही, आणि त्याआधी रंग, नळ, संडास यांचा खर्च आहेच. खोली जरूर द्या. त्या पैशांतून मुलीच्या दहावीनंतरची सोय करा. कार्डाचा त्याच्याशी संबंध ठेवू नका.

कार्डं शून्य झाली की मोठं कार्ड बंद करा. अर्ज दिल्यापासून सात कामाच्या दिवसांत बँकेनं ते बंद करायला हवं, नाहीतर बँकेनं रोज 500 रुपये दंड तुम्हाला द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा 2022चा नियम आहे. दुसरं ठेवायचं तर मर्यादा 30,000वर आणून ठेवा. तोपर्यंतचे तीन महिने किराणा आणि पेट्रोल रोख किंवा यूपीआयनं. मागची बाकी असताना नव्या खरेदीला ते बिनव्याजी 45 दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. हे बँकेचा माणूस कार्ड देताना सांगत नाही. महिनाअखेरीला ओढाताण होईल, एखादी रविवारची मिसळ राहील, पण तीनच महिने.

नंतर मोकळे झालेले 14,000 वर्षभर कुठेही गुंतवू नका. त्यातून टर्मचा हप्ता काढून उरलेले साधं आरडी. मामेभाऊ, बँकेतली ओळखीची मुलगी, सोसायटीतले काका, सगळे काही ना काही घेऊन येतील.

आणि ज्या खड्ड्यातून हे सगळं सुरू झालं तो आधी बुजवा. सासूबाई 72च्या आहेत. ऑक्टोबर 2024च्या शेवटापासून 70 वर्षांवरच्या प्रत्येकाला, घरचं उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. 2023 साली असं काही संरक्षण हाताशी असतं तर कदाचित हे पत्रच आलं नसतं. आधार कार्ड घेऊन त्यांना सोबत न्या आणि आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. योजनेत आपल्या भागातली कोणती रुग्णालयं आहेत ती यादी उतरवून फ्रिजवर लावून ठेवा.

मामेभावांना सरेंडरचं कळेल तेव्हा ते घरी येतील, आणि सासूबाईंच्या माहेरचा माणूस असल्यानं तुम्हाला बोलणं जड जाईल. त्या दिवशी तुम्ही बोलू नका, मिस्टरांना बोलू द्या. स्टेटमेंटचं ते दुसरं पान आधी त्यांना दाखवा, आज रात्री जेवणं झाल्यावर. सरेंडर व्हॅल्यूचा कागद हातात आला की दोन्ही आकडे मला कळवा, एप्रिलच्या आत.