मेट्रोनोम कपाटात ठेवा (मॉरिससाठी मेलोडिअन वाजवणाऱ्यांना)

तुम्ही लिहिलंय की पुण्यात पेटी वाजवायचात, इंग्लंडला आल्यावर हौसेने डी-जी मेलोडिअन (डी आणि जी स्वरांतलं बटणांचं अकॉर्डिअन) घेतलं, गावातल्या मॉरिस साइडने (मॉरिस हा इंग्लंडचा लोकनाच, साइड म्हणजे नाचणाऱ्यांचा संघ) वाजवायला बोलावलं, आणि सहा महिने झाले तरी नाचणारे म्हणतात स्पीड ठीक आहे पण लिफ्ट, म्हणजे उडीला उचल, नाही, तर मेट्रोनोम (ठरावीक लयीत टकटक करणारं यंत्र) लावून अजून रियाज करू का. वाचून राहवलं नाही. मेट्रोनोम आधी कपाटात ठेवा. अकरा वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं आणि त्यात एका माणसाचा अख्खा उन्हाळा गेला.

एकाच बटणाला भाता दाबला की एक सूर, ओढला की दुसरा, हे तुमच्या हातात बसलंय असं धरून चालते. चाली पाठ आहेत म्हणताय, तेही मान्य. अडलंय ते दुसरीकडे.

मी इकडे यायच्या आधी कथकच्या क्लासला लेहरा धरायचे. तुम्हाला माहीतच असेल, लेहरा म्हणजे पेटीवर पुन्हा पुन्हा वाजणारी एकच चाल, नाचणारीसाठी खुंटा. नाचणारी तिहाया घेत कुठेही फिरून येवो, समेवर तिने आपल्याकडे यायचं, आपण तसूभर हलायचं नाही. हे इतकं अंगात मुरलं होतं की मॉरिसलाही मी तसंच वाजवलं, आणि इथे सगळं बरोबर उलटं आहे. कॉट्सवोल्ड (दक्षिण-मध्य इंग्लंडमधल्या गावांकडच्या) मॉरिसमध्ये सहा जण, नडग्यांना घंटांचे पट्टे, हातात रुमाल नाहीतर काठ्या. त्यात केपर म्हणून उंच उडी असते, काही नाचांत तर तेवढ्यासाठी चाल मुद्दाम संथ करतात. माणूस हवेत आहे तोवर सूर धरून ठेवायचा, पुढचा ठोका त्याचे पाय देतात. आपल्याकडच्या ढोलकीवाल्याला हे कोणी सांगावं लागत नाही, त्याची नजर नाचणारीच्या पायावरून हलतच नाही. आपण पेटीवाले मात्र खाली बघून वाजवतो.

माझं काय झालं ते सांगते. १ मेची पहाट, टेकडीवर सूर्य उगवताना नाचायची रीत आहे, गवत दवाने चिंब. ओल्या गवतावर उडी जड जाते, एवढं तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी महिनाभर मेट्रोनोमची क्लिक लावून घोटलेल्या लयीत वाजवत होते, नजर बटणांवर. कोपऱ्यावरचे दोघं केपर घ्यायला समोरासमोर आले, त्यातले एक साठीच्या पुढचे, आमच्यातले सगळ्यात उंच उडणारे. ते अजून हवेत होते आणि मी पुढच्या ओळीवर गेले. मला गाठायला म्हणून त्यांनी पाय घाईने टेकवला आणि गुडघा आत वळला. एका बाजूच्या घंटा बंद पडलेल्या मला ऐकू आल्या, तरी मी चार मात्रा वाजवत राहिले, कारण लेहरा थांबवायचा नसतो ना. मला कोणी एक शब्द बोललं नाही. सप्टेंबरपर्यंत ते कडेला उभं राहून पैशांची टोपी फिरवायचे आणि मी त्यांच्याकडे बघू शकायचे नाही.

त्यानंतर आमच्या फोरमनने, म्हणजे जो नाच शिकवतो त्याने, मला एकच गोष्ट करायला लावली. पुढचा पूर्ण हिवाळा मेलोडिअन घरी आणि मी सेटमध्ये, म्हणजे नाचणाऱ्यांच्या रांगेत. ऑक्टोबर ते एप्रिल सरावात नाचले, वाईट नाचले, पण उडी घेण्याआधी गुडघा किती वाकतो आणि त्या क्षणी सुराने कसं उचलावं लागतं ते पायाला कळलं. विल्यम किंबरचं वाजवणं ऐका, रेकॉर्डिंग्ज आहेत. ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन क्वारीचा हा गवंडी, १८९९ च्या डिसेंबरात थंडीने बांधकाम बंद पडलं म्हणून साइड अवेळी चार पैशांसाठी नाचायला निघाली आणि तिथे लोकगीतं-लोकनाच गोळा करणाऱ्या सेसिल शार्पने त्याला ऐकलं. कॉन्सर्टिना (छोटी, भात्याची हातपेटी) वाजवायचा तसा तो स्वतः नाचायचाही, आणि ते ऐकताना कळतं. कॉर्ड तुटक, तव्यावर बोट टेकून उचलावं तशी. तुमच्या डाव्या हाताचे बास बहुतेक लांब पडत असतील (न ऐकता सांगतेय, चुकत असेन तर सोडून द्या), ते निम्मे करून बघा.

आणि सुरुवातीला ‘वन्स टू युअरसेल्फ’ म्हणून जी ओळ नाचाआधी वाजवतात, लय तिथेच ठरते. तेव्हा सगळ्यात वजनदार माणूस डोळ्यांसमोर आणून वाजवा. सेटच्या डोक्याशी, पाय दिसतील असं उभं राहा. आपला ठोका आणि घंटांचा झणका एकत्र पडला की समजायचं जमलं.

विषय निघालाच आहे तर, चौकात नाचायचं म्हटल्यावर लायसन्स मागणारे भेटतील. एका स्थानिक कार्यालयाने आम्हाला टेम्पररी इव्हेंट नोटिस (तात्पुरत्या कार्यक्रमाची आगाऊ सूचना) भरायला लावली, त्याला साधारणपणे दहा कामाचे दिवस आधी लागतात, ते उरले नव्हते, म्हणून जत्रेतला कार्यक्रम रद्द. तीनदा फोन केला, तीन वेगळी उत्तरं. नंतर कळलं की २००३ च्या लायसन्सिंग अ‍ॅक्टमध्ये मॉरिस डान्सिंगला नाव घेऊन सूट दिलेली आहे, सोबतच्या लाइव्ह संगीतालाही! अजून संताप होतो. कायद्याच्या त्या परिशिष्टाची प्रिंट मेलोडिअनच्या केसमध्ये ठेवा. मी वकील नाही, आणि जागामालकाची परवानगी वेगळी लागतेच.

हे सगळं एकाच साइडबरोबरच्या अनुभवावरून आहे, आम्ही हेडिंग्टन आणि अ‍ॅडरबरीचे नाच करतो, दर गावाची पद्धत निराळी. तुमची साइड कॉट्सवोल्ड की बॉर्डर (वेल्सच्या सीमेकडची मॉरिसची पद्धत) ते लिहिलेलं नाही. बॉर्डर असेल, चार मेलोडिअन आणि मोठा ड्रम असेल, तर एकटीने सूर धरून चालणार नाही, आधी ड्रमवाल्याशी बोला. आणि जमलं तर तुमच्या सरावाची एखादी क्लिप टाका, फक्त पायांची चालेल.